केतकी आणि बोरदरीचे चकणे

आमच्या घरात अंडं पहिल्यांदा आलं ते माणसांसाठी नव्हे, किड्यांसाठी. आणि त्याला परवानगी दिली माझ्या आईने, जिच्या स्वयंपाकघरात चातुर्मासात कांद्यालासुद्धा थारा नसतो. हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी केतकीबद्दल सांगावं लागेल.

केतकी माझी बायको. पुसदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. तिचं माहेर उमरखेडचं. वडील तहसील कचेरीत, काका पोस्टात, दोन्ही भाऊ बँकेत. सगळी फायलींची माणसं. त्या घरात ही एकटीच अशी की शाळेतून येताना दप्तरात बेडूक आणायची. पुढे एम.एस्सी. झाली, पीएच.डी. करायची म्हणत राहिली, मग आमचं लग्न झालं, नोकरी लागली, आणि पीएच.डी. ज्या कोपऱ्यात ठेवली होती तिथेच राहिली. तिला त्याचं फार दुःख होतं असं मी म्हणणार नाही. केतकी दुःखी होण्यात फारशी हुशार नाही. वर्गात ती इतकी हसवते की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार लावून घेतात.

दरवर्षी ती मुलांना चपटकृमींचा धडा शिकवायची. फळ्यावर प्लॅनेरियाची आकृती काढायची: बाणासारखं त्रिकोणी डोकं, त्यावर दोन डोळे, लांबट चपटं अंग. हा गोड्या पाण्यात राहतो, याचे दोन तुकडे केले तर दोन प्राणी होतात, वगैरे. आकृती इतक्यांदा काढलेली की डोळे मिटूनही काढेल. पण जिवंत प्लॅनेरिया तिने कधी पाहिलाच नव्हता. कॉलेजात होता तो काचपट्टीवर चिकटवलेला, पिवळा पडलेला, कुठल्याशा दुकानातून आलेला.

तो जिवंत भेटला बोरदरीला.

बोरदरी म्हणजे महागावच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं लहानसं गाव. तिथला रामराव कदम माझा शाळेतला दोस्त. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. त्याची कपाशी, तूर, सोयाबीन. थंडीत एकदा तरी तो आम्हाला शेतात रोडगे खायला बोलावतोच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. त्या दिवशी जेवण झाल्यावर हात धुवायला आम्ही झऱ्यावर गेलो. शेताच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाच्या भेगेतून पाणी येतं आणि खाली दगडी कुंडात साचतं. गावाचं निम्मं पिण्याचं पाणी तिथलंच.

केतकीने बसायला म्हणून काठावरचा एक ओला दगड उलटा केला आणि किंचाळली. मला वाटलं साप. मी काठी शोधतोय, तर ही दगडाला नाक लावून बसलेली.

"अहो, सरकतोय! पाय नाहीत, काही नाही, आणि बघा कसा सरकतोय!"

दगडाच्या खालच्या अंगावर नखाएवढं तपकिरी काहीतरी पाण्याच्या थेंबासारखं ओघळत निघालं होतं. फक्त थेंब वर चढत नाही, हा चढत होता. उजेड लागला तसा तो वळून पुन्हा सावलीकडे निघाला.

रामरावची आई, वच्छलाबाई, मागून घागर घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"थे होय? थे तं चकणे होत, मास्तरीनबाई. मी लग्न होऊन आली तईपासून पाह्यतो. कोनाले काही करत नाईत बिचारे."

"चकणे काहून म्हणता काकू?"

"पाहा ना त्याच्या डोळ्याकडे."

केतकीच्या पर्समध्ये भिंग असतंच. तिने पाहिलं, मग मला दाखवलं, मग रामरावला. खरंच, त्या त्रिकोणी डोक्यावरचे दोन डोळे एकमेकांकडे वळलेले होते. वर्गात उशिरा आलेल्या पोराने मास्तरांकडे बघावं तसा तो आमच्याकडे बघत होता. केतकी इतकी हसली की भिंग कुंडात पडलं आणि रामरावला बाही वर करून ते काढावं लागलं.

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत झऱ्याचं पाणी आणि पाच-सहा चकणे घालून आम्ही पुसदला परत आलो. वाटेत ती एकदाही झोपली नाही. एरवी गाडीत बसली की झोपते.

घरी पहिला प्रश्न आला खाण्याचा. पुस्तकात लिहिलं होतं, याला कलेजी आवडते. केतकीने मला न सांगता महागावच्या फकिराच्या मटणाच्या दुकानातून कलेजीचा तुकडा आणवला आणि डब्यात घालून फ्रिजच्या तळाला ठेवला. आईने दुसऱ्या दिवशी तो डबा गुळाचा समजून उघडला.

त्यानंतर जे झालं ते मी थोडक्यात सांगतो. आई ओरडली नाही. तिने फ्रिज रिकामा केला, धुतला, पुसला आणि दार उघडं टाकून त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. संध्याकाळी केतकी कॉलेजातून आली तेव्हा आई म्हणाली, "केतकी, एक तर तो किडा या घरात राहील, नाहीतर मी."

केतकी तिच्या पायाशी बसली. म्हणाली, "आई, बरणी बघा तर एकदा. मग तुम्ही म्हणाल तसं."

आईने बघायला नकार दिला. पण तडजोड झाली. कलेजी बंद. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चालतो असं केतकीने कुठेतरी वाचलं होतं. अंडं स्वयंपाकघरात येणार नाही, अंगणात तुळशीपासून लांब, वेगळ्या भांड्यात उकडलं जाईल, आणि ते भांडं आईच्या नजरेस पडणार नाही. अशा अटींवर आमच्याकडे अंडं आलं.

आता केतकीला याचं नाव हवं होतं. चकणा हे वच्छलाबाईंचं नाव. शास्त्रातलं नाव काय? पुस्तकातल्या चित्राशी जुळवावं तर सगळीच चित्रं सारखी. नागपूरला प्राणिशास्त्राच्या एक प्राध्यापिका या किड्यांवर काम करतात असं तिला कळलं: डॉ. कोकिळा राठोड. मूळच्या पुसदजवळच्याच एका तांड्यावरच्या. केतकीने फोटो पाठवले आणि फोन केला. मी शेजारीच होतो, फोन स्पीकरवर होता.

"मस्त आहे हो तुमचा किडा," कोकिळाताई म्हणाल्या. "ड्युगेशिया असणार, आपल्याकडे बहुतेक तेच सापडतात. पण त्यातली जात कोणती, ते फोटोवरून मी काय, कोणीच सांगू शकत नाही."

"डोक्याचा आकार, रंग, काहीच उपयोगाचं नाही?"

"बाहेरून सगळे भाऊ-भाऊ दिसतात. यांची ओळख पटते ती पोटातल्या प्रजननाच्या अवयवांवरून. त्याच्या पातळ पातळ चकत्या कापायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, तेव्हा कळतं कोण कुठल्या घरचा. आणि गंमत अशी की यातल्या बऱ्याच जणांना ते अवयव येतच नाहीत. हे नुसते मधून फाटतात. शेपटीकडचा अर्धा दगडाला धरून बसतो, डोक्याकडचा पुढे निघतो, झाले दोन. ना लग्न, ना वरात. मग मी काय बघू?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला लग्नाचं वय झालेला किडा पाठवा. तो मिळेपर्यंत तुमच्या पाहुण्याला नाव नाही."

केतकीने फोन ठेवला आणि बरणीकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना?"

त्यातला एक त्याच दिवशी मधून फाटला.

त्यानंतरचे आमचे रविवार ओढ्यांवर गेले. मला आधी वाटलं, चार रविवारांचा नाद आहे, उतरेल. पण कोकिळाताईंनी तिला आणखी एक काम लावलं होतं: लग्नाळू किडा शोधता शोधता, कुठे हे किडे आहेत आणि कुठे नाहीत, तेही बघत जा. आपल्या जिल्ह्यात कोणी बघितल्याचं मला आठवत नाही, असं त्या म्हणाल्या. एवढं पुरे झालं. मी गाडी चालवायची, केतकीने पँटचे पाय दुमडून पाण्यात उतरायचं, दगड उलटायचे आणि पुन्हा होते तसे ठेवायचे. दगड जागेवर ठेवण्याबाबत ती फार कडक. "कुणाचं घर आहे ते," म्हणायची.

पूस नदीच्या वरच्या अंगाला गेलो, उमरखेडकडच्या डोंगरात गेलो, ढाणकीच्या पुढे पैनगंगेपर्यंत गेलो. लोक विचारायचे, काय हरवलं? केतकी सांगायची, काही हरवलं नाही, बघून राह्यली. एका तांड्यावर हरिसिंग नावाच्या म्हाताऱ्या नायकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनी, आम्हाला खाटेवर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "सोनं सापडलं तर आमालेबी सांगा." केतकीने त्यांना भिंगातून चकणा दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सोनं नाई, पन नजर तेज हाय लेकाची."

हळूहळू आम्हाला कळायला लागलं. धरणाच्या पाण्यात नाहीत. तलावात नाहीत. उन्हाळ्यात आटणाऱ्या नाल्यात तर नाहीतच. शेतांमधून वाहत आलेल्या, फवारणीचं पाणी मिसळलेल्या ओढ्यात नाहीत. पण त्याच ओढ्याच्या काठाने वर चढत गेलं, शेतं संपली, सागाचं रान सुरू झालं, खडकातून थंड पाणी ठिबकताना दिसलं, की पहिल्या नाहीतर दुसऱ्या दगडाखाली चकणा हमखास. मी स्वतः बँकेत कर्जविभागात बसणारा माणूस. पण त्या वर्षाच्या अखेरीस लांबून डोंगराची घडी बघून सांगू लागलो, इथं असतील, इथं नसतील. केतकी म्हणायची, "अहो, तुम्ही बिघडलात."

सगळीकडे होते ते फाटणारेच. लग्नाचं वय झालेला एकही नाही.

मग एका सकाळी रामरावचा फोन आला. "अबे अवधूत, वहिनीले घेऊन ये लवकर. गाव झऱ्यात ब्लिचिंग पावडर टाकून राह्यलं."

झालं होतं असं. पावसाळ्यानंतर बोरदरीत बऱ्याच बकऱ्या दगावल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी एक कापून पाहिली तर काळजात पानासारखे चपटे किडे. लिव्हर फ्लूक. गावातला ऋतिक नावाचा तरुण, ज्याच्या स्वतःच्या बकऱ्या मेल्या होत्या, बारावीला केतकीचा विद्यार्थी होता. हुशार मुलगा. त्याला धडा आठवला. त्याने चावडीवर सांगितलं की लिव्हर फ्लूक हा चपटकृमी, आणि आपल्या झऱ्यातला चकणाही चपटकृमी, दोघं एकाच संघातले. मग काय, गाव घाबरलं. आपण तेच पाणी पितो!

आम्ही पोचलो तेव्हा कुंडाभोवती गर्दी होती आणि पावडरीची पिशवी उघडायची बाकी होती. ऋतिकने केतकीला वाकून नमस्कार केला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं. संघ प्लॅटिहेल्मिंथिस. उदाहरणं: प्लॅनेरिया, लिव्हर फ्लूक, टेपवर्म."

केतकी म्हणाली, "बरोबर आहे रे. अगदी बरोबर. मी तेवढंच शिकवलं आणि पुढच्या धड्याकडे पळाले. आता उरलेलं आज शिकवते. मला तास-दोन तास द्या, तोवर पावडर टाकू नका."

ती मला घेऊन पुढे महागावला गेली. फकिराच्या दुकानात खराब निघालेलं काळीज बाजूला टाकलेलं होतं; त्यातले फ्लूक तिने चिमट्याने काढून डबीत घेतले. मी दुकानाबाहेर उभा राहिलो, ते माझ्याच्याने बघवलं नाही. बोरदरीला येऊन तिने रामरावच्या घरच्या दोन पांढऱ्या बशा मागितल्या. एकीत फ्लूक, एकीत कुंडातला चकणा. मध्ये भिंग. आणि म्हणाली, एकेकाने या आणि बघा.

लोक आले. बायकाही आल्या.

"हा बघा," ती सांगत होती, "फ्लूक. याला तोंडाशी एक आणि पोटाशी एक असे चोषक आहेत, काळजाला चिकटून राहायला. डोळे नाहीत. आणि हा चकणा. चोषक नाहीत. डोळे आहेत. हा दगडाखाली बारीक किडे पकडून खातो. कोणाच्या अंगात जात नाही, जाऊ शकत नाही. गेला तर मरेल."

वच्छलाबाईंनी दोन्ही बशांवर भिंग धरून पाहिलं. "खरं हाय. ज्याले दुसऱ्याच्या पोटात राहा लागते, थ्याले डोळे कायले पाहिजे? अंधारच हाय तिथं."

"पन मॅडम, संघ तं एकच ना?" मागून कोणीतरी म्हणालं.

केतकी उत्तर देणार तेवढ्यात वच्छलाबाईच वळल्या. "अर्धं गाव कदम हाय. मागच्या साली एका कदमानं मोटर चोरली. मंग काय सगळ्या कदमाईले ठान्यात नेलं होतं काय?"

सगळे हसले. ज्याच्या पुतण्याने मोटर चोरली होती तोही हसला, उशिरा. केतकी म्हणाली, "हेच. संघ म्हणजे आडनाव समजा. त्याखाली वर्ग, गण, कुळ, मग जात. आडनावावरून माणूस कळत नाही तसाच किडाही कळत नाही."

"मग बकऱ्या कशानं मेल्या मॅडम?" ऋतिकने विचारलं.

तो प्रश्न महत्त्वाचा होता आणि केतकीने तो टाळला नाही. ती सगळ्यांना घेऊन झऱ्याच्या खाली गेली. कुंडातून वाहून आलेलं पाणी तिथं एका डबक्यात साचत होतं, शेण, चिखल, कडेला हिरवं गवत, आणि गवतावर बारीक बारीक गोगलगायी. बकऱ्या तिथंच चरायच्या, तिथंच प्यायच्या. फ्लूकचं पिल्लू आधी गोगलगायीत वाढतं, मग गवतावर येऊन बसतं, हे तिने गोगलगाय हातात धरून सांगितलं. झरा नाही, डबकं. जनावरांच्या डॉक्टरांनीही दुसऱ्या दिवशी येऊन तेच सांगितलं आणि उरलेल्या बकऱ्यांना औषध पाजलं. ऋतिकने चार पोरं घेऊन डबक्याला चर काढला आणि बकऱ्यांसाठी वेगळी टाकी बांधली. पावडरीची पिशवी शाळेच्या संडासाकडे गेली.

परत येताना गाडीत केतकी म्हणाली, "इतकी वर्षं मी उदाहरणं पाठ करून घेतली. आजच पहिल्यांदा वर्गीकरण शिकवलं." आणि घर येईपर्यंत गुणगुणत राहिली.

मे महिन्यात तिला प्रशिक्षणासाठी नागपूरला जावं लागलं. चकण्यांची बरणी तिने माझ्या हवाली केली: पाणी रोज बदला, पण आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं घाला, नळाचं ताजं नको, त्यात क्लोरीन असतं, आठवड्यातून एकदोनदा बलक. मी हो म्हटलं. पण त्या साली उन्हाने कहर केला. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. मी बँकेत एसीत, आणि बरणी घरी खिडकीशी.

एका दुपारी आईचा फोन आला. आई मला बँकेत कधी फोन करत नाही. "अवधूत, ते किडे आकसून तळाशी पडलेत. बरणीला हात लावला तर चहासारखी गरम. काय करू?"

केतकीचा फोन प्रशिक्षणात बंद. मी म्हटलं, "सावलीत ठेव, मी येतो."

मी पोचेपर्यंत आईने स्वतःच निर्णय घेऊन टाकला होता. माळ्यावरून गेल्या वर्षीचा जुना माठ काढला, धुतला, तिच्या पूजेच्या फुलझाडांसाठी भरून ठेवलेलं शिळं पाणी त्यात ओतलं, बरणी त्यात रिकामी केली, माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि अंगणात निंबाच्या सावलीला वाळूवर ठेवला. विदर्भातल्या कोरड्या उन्हात ओल्या फडक्याचा माठ किती गार होतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. मी हात घालून पाहिलं. पाणी थंडगार. काही चकणे गेले होते, पण उरलेले कडेने सरकायला लागले होते.

आई माठाशेजारी पाटावर बसून भिंगातून बघत होती. भिंग तिने केतकीच्या टेबलावरून घेतलं होतं.

"काय रे हा असा बघतो," ती म्हणाली. "तुझ्या त्या चकण्या आत्यासारखा."

"नानी आत्या, आई?"

"तीच."

त्या दिवसानंतर फडकं ओलं ठेवायचं काम आईने कोणाला करू दिलं नाही. आणि केतकी परत यायच्या आधी एका सकाळी मी अंगणात आलो, तर आई उकडलेलं अंडं सोलत होती. तिने बलक काढला, बोटांनी चुरला, चिमूटभर माठात सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उपाशी कोणाला ठेवू नये." मग नळाखाली हात चोळचोळून धुतले, नंतर पुन्हा धुतले.

केतकी आली, माठ पाहिला, आईच्या गळ्यात पडली. बरणी परत निघालीच नाही. पावसाळा लागला तरी चकणे माठातच राहिले, गार पाण्यात, भरपूर बलक खाऊन चांगले बोटाच्या पेराएवढे होत. आणि मध्ये कधीतरी त्यांनी फाटणं थांबवलं. ते आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

श्रावणात आई एकदा रागावून आत आली. "माठात मोहरी कोणी टाकली?"

"मोहरी कोण टाकेल आई?"

"मग हे काय?"

आम्ही तिघं माठावर वाकलो. आतल्या बाजूला, पाण्याखाली, मोहरीच्या दाण्याएवढा तपकिरी गोळा बारीक देठावर उभा होता. शेजारी आणखी एक. केतकीने भिंग घेतलं. पाहिलं. भिंग खाली ठेवलं. आणि तिथेच ओल्या अंगणात फतकल मारून बसली.

"अंड्यांचे कोश आहेत," ती म्हणाली. "आई, तुम्ही त्यांची लग्नं लावलीत."

कोकिळाताई दोन दिवसांत स्वतः आल्या. येताना आईसाठी तांड्यावरून आपल्या याडीने, म्हणजे त्यांच्या आईने, केलेले लाडू घेऊन आल्या. त्यांनी माठातले दोन-चार मोठे चकणे निवडले, उरलेल्यांना हात लावला नाही. गार पाण्यात फाटणारे किडे कधी कधी वयात येतात, हे त्यांनाही ऐकून माहीत होतं. पण माठात आलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. त्या आणि आई दुपारभर माठावर बोलत बसल्या: वाळू किती, फडकं कितीदा ओलं करायचं. आईने त्यांना नातीला सांगावं तसं सगळं नीट सांगितलं.

चकत्या कापणं, रंगवणं, बघणं, जुळवणं यात बरेच महिने गेले. केतकी बोलायची नाही, पण मला माहीत होतं ती काय मनात धरून आहे. नवी जात. अजून कुणी नाव न दिलेली. तिने नावही ठरवून ठेवलं असणार.

फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

"जात सापडली केतकीताई," कोकिळाताई म्हणाल्या. "नवी नाही. जुनीच आहे. दुसऱ्या राज्यातून कधीची नोंदलेली."

केतकीने घास ताटात ठेवला. "अच्छा," म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"अहो, ऐका तर. आपल्या भागातून तिची नोंद मला कुठेच सापडली नाही. आणि तुमची ठिकाणं, कुठे आहेत आणि कुठे नाहीत, ती मी नकाशावर मांडली. मला तर त्या नावापेक्षा हा नकाशा मोठा वाटतो. या किड्याला पंख नाहीत. सुकलं की मेला. डोंगर ओलांडून दुसऱ्या पाण्यात तो सहजासहजी जात नाही. मग तो ज्या झऱ्यात आज आहे, तो झरा बहुतेक पिढ्यानपिढ्या आटलेला नाही. तुम्ही किडे मोजत नव्हता, बारमाही पाणी शोधत होता."

केतकी हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसले. "म्हणजे नाव जुनं, पत्ता नवा."

"पत्ता नवा," कोकिळाताई म्हणाल्या.

लेख छापून आला त्यात दोघींची नावं आहेत. आभारात शोभा मुळावकर हे माझ्या आईचं नाव आहे. आईने ते पान देवघरात नाही ठेवलं, पण शेजारच्या हंसाबाईंना दाखवलं आणि त्यांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

बोरदरीला आम्ही ते सांगायला गेलो. रामरावने गावाला बोलावलं नाही, तरी लोक आले. झरा कधी आटला नाही हे तिथल्या म्हाताऱ्यांना माहीतच होतं. पण ते एका किड्याच्या अस्तित्वावरून शास्त्रात लिहिता येतं, याची त्यांना गंमत वाटली. ऋतिकने विचारलं, "मॅडम, मग आता वरच्या रानात बोअर मारू द्यायची नाही ना आपण?" त्यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी ग्रामसभेत ठराव घ्यायचं ठरलं. पुढे तो झालाही.

आता केतकीला आठवड्यातून एकदोन तरी फोन येतात. जिल्ह्यात कोणाला पाण्यात काही वळवळताना दिसलं की तिचा नंबर शोधला जातो. परवाच ढाणकीहून धरमसिंग नावाचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर सकाळच्या गाडीने आले. मांडीवर पाण्याची बाटली, तिला टॉवेल गुंडाळलेला.

"मॅडम, हे आमच्या विहिरीतलं. चकणा होय का पाहा."

केतकीने बाटली उजेडात धरली. "नाही काका. ही जळू आहे. हिचा संघ वेगळा, गांडुळाकडचा."

धरमसिंगांचा चेहरा पडला. इतक्या लांबून आले होते. आईने आतून चहा आणला आणि बशीत बिस्किटं.

"बरं, मंग हिचं तरी नाव काय?" त्यांनी विचारलं.

केतकीने खुर्ची पुढे ओढली, चष्मा वर केला आणि बाटलीचं झाकण उघडलं.

"ते मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "बसा, बघू."